मुखपृष्ठ फाडलेले अंक

१

तिसरी म्हैस पडली तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. अखाजीचा, अक्षय तृतीयेचा दिवस, गुरुवार. घराघरांत पितरांच्या नावानं घागरी भरून ठेवलेल्या, आमरस झालेला, माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर बसलेल्या. आणि बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्याबाहेरच्या नाल्याच्या डोहाकाठी सोजरबाई आपल्या म्हशीच्या तोंडातून गळणारा फेस पदरानं पुसत बसली होती.

सोजरबाई माझ्याकडे पंधरा वर्षं दूध घालते. तिच्या सुनेचा निरोप आला तशी मी ताटावरून उठले. डोहाजवळ पोचायच्या आधीच वास आला. कुजक्या मासळीचा एक, आणि त्याच्याखाली दुसरा, इस्पितळाची मोरी धुतात तेव्हा येतो तसा, नाकाला चावणारा. पाणी राखाडी झालं होतं, साबणाच्या फेसासारखा तवंग काठाला चिकटला होता. त्यात बोटभर लांबीचे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पोरांच्या ओकाऱ्या काढल्या, पण त्या पाण्याकडे पाहून मला पदर तोंडावर धरावा लागला.

मी खाली बसून मेलेल्या म्हशीचा जबडा उघडला. जीभ पांढरी पडली होती, उकळतं पाणी पडल्यासारखी सोललेली.

"पाहा बाई," सोजरबाई म्हणाली, "काय जहर दिलं त्या मेल्यानं! मुक्या जनावराला!"

"कोणी?"

"कोणी म्हणजे? कडूनं!"

कडू जवळच लिंबाखाली मान घालून बसला होता. चार माणसं त्याच्याभोवती उभी. त्याच्या पुढ्यात पत्र्याचा एक रिकामा डबा ठेवला होता, पुरावा म्हणून. उंदराच्या औषधाचा. पहाटे कडूनं तो नाल्यात धुतला होता आणि सोजरबाईनं स्वतः ते पाहिलं होतं. शिवाय मागच्याच आठवड्यात म्हशी केळीच्या मळ्यात शिरल्या म्हणून कडूनं भर रस्त्यात ओरडून सांगितलं होतं, "तुझ्या म्हशी एक दिवस मरतील, सोजरे, लिहून ठेव!"

"लिहून ठेव म्हणाला," सोजरबाई रडत म्हणाली, "आता मी कोठी लिहू व माय?"

कडू माझ्या शाळेत दोन वर्षं होता. बाराखडी त्याला कधी जमली नाही.

"काय रे कडू?"

"डबा म्या धुतला बाई. नही म्हणत नही. पाटलाच्या कोठारातले उंदीर मारले, डबा धुतला. म्हशीचं मला काही माहीत नही."

"पिण्याच्या पाण्यात विषाचा डबा धुतात का?"

"नही धूत. चुकलं."

"चुकलं म्हणतो!" गर्दीतला एक जण ओरडला. "तीन म्हशी गेल्या, अन् हा म्हणतो चुकलं!"

मळेवाले वामन पाटील छत्रीखाली उभे होते. कडू गेली सहा वर्षं त्यांच्याकडे सालदार होता. सालदारकी अखाजीला ठरते. जुनं साल संपतं, नवं बोललं जातं, सुपारी हातात पडली की माणूस वर्षभर बांधला गेला. या दोन-तीन दिवसांत ज्याला कोणी विचारलं नाही, त्याला वर्षभर कोणी विचारत नाही. घरात कडूची बायको, तीन पोरं.

"बाई, हा इमानदार आहे, मला माहीत आहे," पाटील हळू आवाजात म्हणाले. "मगर मी याला ठेवला तर माझ्या मळ्यात दुसरा गडी येणार नाही. म्हशी मारणाऱ्यासोबत कोण भाकर खाईल? परवा दुपारपर्यंत थांबतो. मग दुसरा बघीन."

परवा दुपारपर्यंत. मी पुन्हा त्या जिभेकडे पाहिलं. उंदराच्या औषधानं जीभ सोलत नाही, एवढं मला कळत होतं. पण एवढ्यावर कोणाचं समाधान होणार नव्हतं.

२

मुलांना मी नेहमी सांगत आले, उत्तर शोधायच्या आधी प्रश्न नीट मांडा. इथे प्रश्न साधा होता. पाणी कधी बिघडलं?

"सोजरबाई, तू घागर केव्हा भरलीस?"

"उजाडायच्या आत. अजून तारे होते."

"कडूनं डबा धुतला तो तुझ्या आधी की नंतर?"

"आधी. तो धुऊन उठला, मंग मी पाणवठ्यावर उतरले. वरच्या दगडावर होता तो."

"म्हणजे डब्याचं पाणी वाहून तुझ्याकडेच आलं. आणि तेच पाणी तू घरी नेलंस?"

तिनं फेस पुसायचं थांबवलं. मग म्हणाली, "हाव. त्याच पाण्यात पुरणाची डाळ शिजली. सात माणसं जेवली."

"कोणाला काही झालं?"

"नही."

गर्दीत कुजबुज झाली. मी विचारलं, आज उशिरा पाणी कोणी भरलं? सरुबाई पुढे आली. तिची लेक आदल्या रात्री उशिरा चांदनी गावाहून आली म्हणून तिला उठायला वेळ झाला होता. आठ-साडेआठला तिनं पितरांची घागर भरली.

"वास येत व्हता बाई. पण पितराची घागर, भरलेली कशी ओतू? तशीच ठेवली. खरबूज ठेवलं वर, सांजोरी ठेवली."

मेलेल्या सासऱ्याला असलं पाणी दिलं म्हणून ती आता रडायला लागली. मी तिला सांगितलं की तिनं घागर ओतली नाही, हे फार चांगलं झालं.

दोन्ही घागरी लिंबाखाली आणवल्या. घरून शाईची दौत मागवली, शाळेत वडी विरघळवून करतात ती निळी शाई. दोन वाट्यांत दोन घागरींतलं पाणी घेतलं आणि दोन्हींत शाईचे दोन-दोन थेंब टाकले.

सोजरबाईच्या वाटीत पाणी निळं झालं आणि निळंच राहिलं. सरुबाईच्या वाटीत शाई पसरली, फिकी झाली, आणि मी पंचवीस आकडे मोजायच्या आत नाहीशी झाली.

"जादू करता काय बाई?" कोणीतरी म्हणालं.

"जादू नाही. शाई खाणारं काहीतरी या पाण्यात आहे. उंदराचं औषध शाई खात नाही. आणि ते उजाडल्यानंतर, साडेआठच्या आत पाण्यात आलंय. कडू, सूर्य उगवल्यावर तू कुठे होतास?"

उत्तर पाटलांनीच दिलं. "माझ्या ओट्यावर. साल बोलत होतो. पाच माणसं होती." मग ते स्वतःच चमकले. "हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

पण लोक हलेनात. एक म्हातारा म्हणाला, "मास्तरीणबाई, शाईबिई ठीक आहे. हा नही, तर मंग कोण? नाव सांगा."

माणसांना निर्दोष माणूस पुरत नाही, दोषीच लागतो. मी नाल्याच्या वरच्या अंगाला पाहिलं. पाणवठ्याच्या वर एकच गोष्ट होती: नंदकुमार शेठचा पुठ्ठ्याचा कारखाना. आणि तो मंगळवार संध्याकाळपासून, अखाजीसाठी, कुलूप लावून बंद होता.

३

त्या संध्याकाळी शनवाऱ्यातल्या वाचनालयात कार्यक्रम होता आणि मला पहिल्या रांगेत बसणं भाग होतं. नवा मध्यप्रदेश होऊन सहा महिने झाले होते. कचेऱ्यांचा कारभार भोपाळकडे वळला, मराठी कारकुनांची कितीतरी घरं नागपूरला निघून गेली, आणि त्यांच्याबरोबर मराठी मासिकं विकत घेणारे हातही गेले. वाचनालयाचे चिटणीस दत्तात्रयपंत हेच नागपूरच्या एका मासिकाचे इथले एजंट. त्यांच्या खोलीत न खपलेल्या अंकांचे गठ्ठे छतापर्यंत गेलेले मी पाहिले होते.

न खपलेला अंक परत पाठवायला रेल्वेचं भाडं परवडत नाही. म्हणून एजंट फक्त मुखपृष्ठ फाडून नागपूरला पाठवतो. मुखपृष्ठ पोचलं की तो अंक खपला नाही असं धरतात. उरलेला उघडा अंक मेल्यात जमा. दत्तात्रयपंतांनी मात्र वर्षापूर्वी जाहीर केलं होतं की असले अंक ते रद्दीत घालणार नाहीत, खेड्यांतल्या शाळांना फुकट वाटतील. नागपूरकरांनी त्यांचं कौतुक छापलं होतं. आणि आज मासिकाचे व्यवस्थापक स्वतः आले होते, आपल्या हातानं अंक वाटायला. येत असल्याची तार कालच मिळाली, असं पंत भाषणात म्हणाले.

पंत त्या दिवशी साध्या सदऱ्यात होते. त्यांचा काळा अल्पाका लोकरीचा कोट सगळ्या बऱ्हाणपूरला माहीत आहे. भर उन्हाळ्यात, लग्नात, मर्तिकात, झेंडावंदनाला, कोटाशिवाय पंत कोणी पाहिले नव्हते.

"कोट कुठे पंत?" शेजारच्या निर्मलाबाईंनी विचारलं.

"रंगाऱ्याकडे टाकलाय हो. विटला होता," ते हसून म्हणाले. "नव्या राज्यात नवा रंग!"

टेबलावर साठेक अंक होते. बाकीचे गाडीनं रवाना झाले, असं पंतांनी सांगितलं. अंकांवर गुलाबपाणी शिंपडलं होतं. देडतलाईहून आलेल्या मास्तरांनी दोन हात जोडून आपला गठ्ठा घेतला, जणू प्रसादच. एक अंक माझ्याही हातात आला. पानं ओल लागून वाळल्यासारखी लाटा-लाटांची झाली होती. मी तो पिशवीत टाकला. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा ती सोललेली जीभ होती, व्यवस्थापक "वाचक कमी झालेले नाहीत, वाचक वाट पाहत आहेत" असं काहीतरी म्हणत होते, आणि गुलाबपाण्याचा वास मला सहन होईना.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचं फाटक उघडलं तेव्हा मी बाहेर उभी होते.

"या बाई, या," नंदकुमार शेठ म्हणाले. "म्हशींचं ऐकलं. फार वाईट. मगर आमचा काही संबंध नाही हां. मिल दोन दिवस बंद. पूछ लो किसीसे! मशीन फिरली नाही तर पाणी कुठून येईल?"

"मशीन पाहायची नाही मला. कागद भिजवता तो हौद दाखवा."

मी हौदात वाकून पाहिलं. आत गुडघाभर राखाडी लगदा होता, चावून थुंकल्यासारखा. त्याच्यावर काळपट साय, सायीत गंजलेल्या टाचण्या आणि चिकटून मेलेल्या माश्या. लगद्यातून कुठे अर्धा शब्द, कुठे तेलाच्या जाहिरातीतल्या बाईचा अर्धा चेहरा वर आला होता. पाणी नव्हतं. हौदाच्या बुडाचा लाकडी दट्ट्या उपटून बाजूला पडला होता.

शेठ तो पाहून खरोखरच दचकले. "अरे! हे कोणी काढलं? कौतिक! ए कौतिक!"

कौतिक हौदावरचा कामगार. त्याच्या दोन्ही हातांची कातडी कोपरापर्यंत सोड्यानं खाल्लेली, नखं पिवळी. पन्नाशीचा असेल, सत्तरीचा दिसत होता.

"सोमवारी भरला व्हता बाई," तो म्हणाला. "रद्दी, कॉस्टिक सोडा, वरून ब्लीचिंग पावडर. चार दिवस भिजतं. सोड्यानं शाई सुटते, पावडरीनं कागद गोरा व्हतो. आज काढणार व्हतो आम्ही."

"एवढ्या कागदाला पाणी किती लागतं?"

"मणभर पुठ्ठ्याला साठ-सत्तर घागरी तरी. भिजवायला, मंग धुवायला, मंग अजून धुवायला."

"आणि कागदातून सुटलेली शाई? ती कुठे जाते?"

कौतिकनं शेठकडे पाहिलं. शेठ घाईनं म्हणाले, "खड्डा आहे ना! मागे खड्डा खोदलाय. त्यात निवळतं."

मी मागे जाऊन पाहिलं. खड्डा होता. गाळानं काठोकाठ भरून दगडासारखा वाळला होता, त्याच्यावर एरंड उगवला होता. हौदाची मोरी त्याला वळसा घालून सरळ नाल्यात उतरत होती.

"बाई, एक विचार करा," शेठ मागून येत म्हणाले. "हा कागद जाळला असता तर वाया गेला असता. आम्ही त्याचा पुठ्ठा करतो. मिठाईचे खोके, वह्यांचे पुठ्ठे. तुमच्याच शाळेची पोरं वापरतात. पुण्याचं काम आहे हे."

मला त्या माणसाची किळस आली. आणि त्याहून जास्त या गोष्टीची, की त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं.

"फाटकाच्या किल्ल्या किती?"

"तीन. एक माझी, एक कौतिकची. तिसरी रद्दी आणून टाकणाऱ्याकडे. पंतांकडे. ते वेळी-अवेळी गठ्ठे आणतात." मग शेठचा आवाज चढला. "पण यात विचारायचं काय? कौतिकनंच काढला असणार! सुट्टीवरून भांडला होता माझ्याशी. मुद्दाम केलं यानं!"

"मी चांदनीला व्हतो शेठ! पोराकडे!"

"कोणी पाह्यलं?"

कौतिकनं ते खाल्लेले हात जोडले. आणि तेवढ्यात पाटलांचा गडी निरोप घेऊन आला: दुसरा सालदार ओट्यावर येऊन बसला आहे, उद्या दुपारच्या पुढे पाटील थांबू शकत नाहीत.

एका कडूच्या जागी मला दुसरा कडू मिळाला होता, एवढंच. कौतिकचं नाव सांगितलं असतं तर सगळे आनंदानं घरी गेले असते.

५

घरी येऊन पिशवी रिकामी केली तेव्हा तो अंक खाली पडला. गुलाबपाणी उडून गेलं होतं. खालचा वास राहिला होता.

मी खिडकीशी जाऊन अंक उघडला. पानाच्या मध्यभागी छपाई स्वच्छ, काळी. कडेला मात्र ओळींची टोकं फिकी होत होत नाहीशी झाली होती. ओलीनं कागद पिवळा पडतो. हा कडेनं पांढरा पडला होता, मधल्यापेक्षाही पांढरा.

मी चष्मा पुसून पान पुन्हा पाहिलं. मग छत्री घेतली आणि रंगाऱ्यांच्या गल्लीत गेले.

६

तिसऱ्या दिवशी सकाळी पाटलांच्या ओट्यावर जागा पुरेना. नवा सालदार एका कोपऱ्यात सुपारीची वाट पाहत होता. कडू पायरीवर बसला होता, वर बसायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी शेठना, कौतिकला आणि दत्तात्रयपंतांना बोलावून घेतलं होतं. पंत "बाई, तुम्ही बोलावलं म्हणून आलो, वाचनालय उघडायचंय" असं म्हणत बसले.

"सगळ्यांना ठाऊक आहे," मी सांगायला सुरुवात केली, "की परवा सकाळी कोणीतरी कारखान्याच्या हौदाचा दट्ट्या काढला आणि सोडा-पावडरचं पाणी नाल्यात गेलं. कारखाना बंद होता हे खरं. पण कागद भिजायला मशीन लागत नाही, आणि दट्ट्या काढायला एक हात पुरतो. फाटकाचं कुलूप तुटलेलं नाही. म्हणजे किल्ली असलेल्या तिघांपैकी एक. शेठ, सोड्याचं पाणी तुम्ही एकदाच वापरता?"

"छे! दोन वेळा. सोडा महाग आहे."

"मग पहिल्याच वेळेला ते सोडून देण्यात तुमचंच नुकसान. तुम्ही काढणार नाही. आता कौतिक. कौतिक, तीन दिवस सोड्यात भिजलेला कागद कसा होतो?"

"लगदा."

"आत हात घालून काही चांगलं निघेल?"

"एखाद्या गच्च बांधलेल्या गठ्ठ्याच्या मधात काही कोरडं राहते, बाई. पण कोण पाह्यते ते? आम्हाला लगदाच पाह्यजे."

"म्हणजे कौतिकला हौदातून काही वाचवायचं नव्हतं. राग काढायचा असता तर मशीनचा पट्टा कापला असता त्यानं, भिजलेल्या रद्दीचं पाणी कशाला सोडेल? शुक्रवारी हौद त्याच्याच हातानं उपसायचा होता. दट्ट्या काढणारा माणूस असा हवा, की ज्याला हौदातलं काम माहीत नाही, आणि ज्याला हौदातले कागद परत हवे होते. बुधवारी तार आल्यावर, गुरुवारी संध्याकाळच्या आत."

पंतांचा चेहरा उतरला. मी पिशवीतून अंक काढला आणि त्यांच्या पुढे धरला.

"पंत, एवढं पहिलं पान मोठ्यानं वाचून दाखवता?"

"हे काय बाई, शाळा आहे का?"

"वाचा."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीच्या शेवटी अडखळले. दुसऱ्या ओळीच्या शेवटी पुन्हा. तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज थांबला. पुढे शब्दच नव्हते.

मी घागरीची गोष्ट पुन्हा सांगितली. शाई कशी नाहीशी झाली, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं होतं. मग रंगाऱ्याकडून आणलेला काळा कोट उघडून दाखवला. अजून रंगात बुडवला नव्हता. उजवी बाही कोपरापर्यंत तपकिरी, पुढच्या बाजूला नाण्याएवढे लालसर डाग. अखाजीच्या दिवशी सकाळी दहा वाजता दिला, असं रंगाऱ्यानं सांगितलं होतं. सणाच्या दिवशी इतकी घाई काय म्हणून त्याला नवल वाटलं होतं.

"तार आली आणि तुमच्याकडे एकही अंक नव्हता, सगळे रद्दी म्हणून शेठच्या हौदात गेले होते," मी म्हणाले. "वर्षभरात एका शाळेला तरी अंक दिलात का?"

पंतांनी हातातला अंक मिटला. "सुरुवातीला दिले. मग घेणारेही म्हणायला लागले, जागा नाही. गठ्ठे येतच राहिले, बाई. तीनशे खपत होते तेव्हा तीनशे यायचे, ऐंशी खपायला लागले तरी तीनशेच. नागपूरला आकडा कमी करायचा नव्हता, जाहिरातदारांना दाखवायचा असतो. मी काय करू? मुखपृष्ठं फाडून फाडून माझी बोटं दुखायची." त्यांनी मान खाली घातली. "वाटलं, मधले अंक निघतील. वर पाणी होतं, हात घालवेना. म्हटलं पाणी आधी जाऊ द्यावं. वाहून जाईल."

"कुठे वाहून जाईल?"

ते अंकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"कुठे, पंत?"

"एवढा विचार केला नाही."

"आणि त्या दिवशी कडूचं नाव ऐकलंत तेव्हा?"

साठ ओलसर अंक उन्हात वाळवून, त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडून त्यांनी हार घालून घेतला होता, आणि त्याच वेळी दोन फर्लांगांवर एक माणूस लिंबाखाली मान घालून बसला होता हे त्यांना माहीत होतं. सोजरबाई उठली आणि त्यांच्या पायांपुढे थुंकली. ओट्यावर कोणी तिला अडवलं नाही.

"शेठ, तुम्ही हसू नका," मी म्हणाले. "यांनी एका सकाळी जे केलं ते तुम्ही रोज थोडं थोडं करता. तुमच्या खड्ड्यात एरंड उगवलाय."

शेठनी खड्डा उपसायचं कबूल केलं. ते कबुली देताना कारखाना आणि खड्डा यांमधलं अंतर किती, मजूर किती लागतील, असंच बोलत राहिले. मला त्यांच्या शब्दावर विश्वास नाही. मी दर आठवड्याला शाईची दौत घेऊन जाणार आहे, हे मात्र मी त्यांना सांगितलं. म्हशींचं काय द्यायचं ते पंत आणि शेठ दोघांनी मिळून द्यायचं, असं पाटलांनी ठरवलं.

कडू पायरीवरून उठून आत आला. पंतांच्या हातातला अंक त्यानं घेतला, उलटा धरला, सुलटा केला.

"बाई, काय लिहिलं व्हतं यात?"

मी अंक चाळला. पाककृती, एक गोष्टीचा मधलाच भाग, केसांच्या तेलाची जाहिरात, राज्यरचनेवरचा लेख. "विशेष काही नाही रे, कडू."

"मंग इतके काहून छापले?"

मी अंक मिटून पिशवीत ठेवला. पाटलांनी नव्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं आणि कडूच्या हातावर सुपारी ठेवली.

७

साल सुरू व्हायला अजून एक दिवस होता. त्या दिवशी कडूनं फावडं घेतलं आणि नाला सोडून, उतावळी नदीच्या कोरड्या पात्रात, कारखान्याच्या बऱ्याच वरच्या अंगाला झिरा खोदायला घेतला. वाळू उपसत खाली गेलं की बाजूनं पाणी पाझरतं, तसला खड्डा. कोणी सांगितलं नव्हतं. वस्तीतले चार जण बघत उभे राहिले, मग दोघांनी लुगड्याच्या झोळ्यांतून वाळू बाहेर टाकायला सुरुवात केली. मीही गेले, सावलीला बसून पाहायला.

कंबरभर खोल गेल्यावर पाणी आलं. आधी गढूळ, मग निवळ.

सोजरबाई तिची उरलेली एक म्हैस घेऊन आली. विणीला आली होती म्हणून अखाजीच्या दिवशी ती घरीच बांधलेली राहिली, म्हणून वाचली. तीन दिवस विहिरीच्या तळच्या दोन-दोन बादल्यांवर होती. पाण्याचा वास लागताच तिनं मान लांब केली आणि झिऱ्याकडे ओढ घेतली.

सोजरबाईनं दोरी हाताला दोन वेढे दिले आणि पाय रोवून उभी राहिली.

"प्यू दे की, सोजरे," कोणीतरी म्हणालं.

ती हलली नाही. म्हैस ओढत होती, तिच्या मनगटात दोरी रुतत होती. कडू झिऱ्यात उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. खाली वाकून ओंजळ भरली आणि सगळ्यांदेखत प्यायला. मग दुसरी भरली, तीही प्यायला. तोंड बाहीला पुसलं आणि झिऱ्यातून वर येऊन बाजूला उभा राहिला.

सोजरबाईनं दोरी सोडली.